झाडावर चढायचे स्पाइक्स: वठलेल्या झाडाला हो, जिवंत माडाला नाही

वठलेली, वादळात मोडलेली झाडं वरून तुकडे करत उतरवायचं काम तुम्ही करत असाल तर पायाला बांधायचे लोखंडी काटे, म्हणजे स्पाइक्स, नक्की घ्या. नारळ पाडायला किंवा आंब्याची छाटणी करायला म्हणून घेणार असाल तर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाले तरी. आमचं काम दापोली-मंडणगडकडे, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इकडच्या बागांची काय वाट लावली ते सगळ्यांना माहितीये, अर्धवट मोडलेले माड, शेंडा गेलेले माड, घरावर कललेली सुरूची झाडं, आणि त्यानंतर ही कामं एवढी वाढली की काथ्याच्या दोरीवर आणि हिमतीवर किती दिवस काढणार असं वाटून मी स्पाइक्स घेतले.

आधी काट्याच्या लांबीचं बघा, कारण ऑनलाइन घेणारे बरेच जण इथेच फसतात. दोन प्रकार असतात. एक खांबावर चढायचा, त्याचा काटा दीड इंचाच्या आसपास, आणि दुसरा झाडाचा, तो अडीच-पावणेतीन इंच. जुन्या आंब्याची साल जाड असते, तिथे छोटा काटा सालीतच राहतो, लाकडापर्यंत पोचतच नाही, आणि वजन टाकलं की सालीचा पापुद्रा घेऊन खाली येतो. उलट सुरू, साग असल्या पातळ सालीच्या झाडाला छोटा काटा जास्त बरा, पाय झाडाच्या जवळ राहतो आणि घोट्याला पीळ कमी बसतो. माझ्याकडे लांब काट्याचा स्टीलचा सेट आहे, अमेरिकन बनावटीचा, मामेभावाने येताना आणला. तिकडे बकिंगहॅमसारखी कंपनी १८९६ पासूनची, लाइनमन लोकांचं सामान बनवता बनवता झाडवाल्यांचं पण बनवायला लागली, त्यामुळे काटा, पट्टा, नडगीला टेकणारं पॅड सगळं सुटं बदलता येतं आणि काटा झिजून किती उरला की टाकून द्यायचा ते मोजायचं गेज पण मिळतं. इकडे ऑनलाइन जे बिननावी सेट दिसतात ते कित्येक पट स्वस्त आहेत, एक सेट मी हातात घेऊन बघितलाय, काटा पायालगतच्या उभ्या दांडीला नुसता बोल्टने धरलेला आणि तो हलत होता, पॅड म्हणजे रेक्झिनच्या आत फोम. यावर मी चढणार नाही आणि माझ्या माणसाला पण चढू देणार नाही.

फिटिंगला वेळ द्या. दांडीची उंची कमीजास्त करता येते, पॅडची वरची कड गुडघ्याच्या दोन-तीन बोटं खाली यायला पाहिजे, वर गेली तर गुडघा वाकवताना लागते आणि खूप खाली राहिली तर सगळा जोर नडगीवर येतो. बूट टाचेचा आणि कडक तळाचाच हवा, कारण तुम्ही पूर्णवेळ एका लोखंडी पट्टीवर उभे असता, गमबुटात किंवा मऊ स्पोर्ट्स शूजमध्ये थोड्याच वेळात तळपाय भरून येतो. आपल्याकडचे चढणारे सगळे अनवाणी चढत आलेले, त्यांना बुटाचंच आधी जड जातं. आणि पट्टे चामड्याचे असतील तर पावसाळ्यात बुरशी धरते, पुसून, तेल लावून, हवेशीर टांगून ठेवा, गोणीत कोंबून ठेवू नका.

सवय व्हायला वेळ लागतो हे धरून चाला. पहिले काही दिवस जमिनीपासून तीन-चार फुटांवरच, वठलेल्या खोडावर, कमरेला बेल्ट आणि झाडाभोवती दोर लावून गोल गोल फिरायचं. घाबरलं की माणूस झाडाला मिठी मारतो, आणि तीच सगळ्यात चुकीची गोष्ट, कारण गुडघे झाडाला टेकले की काटा बाहेरच्या बाजूला उचकटतो. दोरावर मागे रेलायचं, गुडघे झाडापासून लांब, पाऊल छोटं, वीतभर-दीड वीत, लाथ मारायची नाही, पाय ठेवायचा आणि वजन टाकायचं, काटा आपल्या वजनानेच बसतो. उतरतानाही तेवढीच छोटी पावलं. सुरवातीला नडगी आणि घोट्याची आतली बाजू खूप दुखते, ते नंतर कमी होतं. जमिनीवर मात्र काटे घालून फिरू नका, जांभ्यावर दोन फेऱ्या मारल्या तरी टोक जातं. धार कानशीने हलक्या हाताने, ग्राइंडर लावला की काटा तापतो आणि पोलादाचं पाणी उतरतं.

दोर आतून स्टीलची तार असलेला घ्या, आणि करवतीचं मशीन चालवताना त्याच्या जोडीला दुसरा दोर हवाच. करवतीचं पातं एका दोराला लागलं तर दुसरा आहे. माडाला तर जास्तच जपायचं, मधे फांदी नाही, काटा सुटला की दोर सरळ खाली सरकतो, म्हणून खोडाला आवळून बसणारा फास असलेलीच पद्धत वापरा. जुन्या माडाचं खोड बाहेरून दगडासारखं आणि आत मऊ, त्यामुळे बुंध्याकडे काटा बसायला त्रास होतो. वठून बरेच दिवस झालेला माड आधी कोयत्याच्या पाठीने ठोकून ऐका, पोकळ आवाज आला तर त्यावर चढायचंच नाही.

आता जिवंत माडाचं. आंब्या-फणसाला जखम झाली तर कडेने नवी साल येऊन ती हळूहळू बुजते, तरी अमेरिकेतल्या छाटणीच्या मानकात, ए-३०० मध्ये, जिवंत झाडाच्या छाटणीला स्पाइक्स नकोत असं आहे, माणूस वर अडकला तर सोडवायला वगैरे मोजके अपवाद सोडून. माडाला ती जखम बुजवणारी सोयच नाही, काट्याचं भोक जन्मभर तसंच राहतं. त्यात सोंड्या भुंग्याची मादी अशाच जखमा शोधून अंडी घालते, अळ्या आतून खोड खातात, आणि मालकाला कळतं तेव्हा शेंडा मान टाकतो. म्हणून कोणी "तुमच्याकडे काटे आहेत ना, मग नारळ पण पाडून द्या" म्हणालं तर मी सरळ नाही म्हणतो.

त्या कामाला केरळच्या चेंबेरी जोसेफ यांचं शिडीयंत्र घ्या. दोन पायांना दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा वेढा खोडाभोवती, एक पाय उचलायचा, सरकवायचा, दुसऱ्यावर उभं राहायचं, खोडाला भोक पडत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये सुरू केलेल्या फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री प्रशिक्षणात असल्याच यंत्रावर चढायला शिकवलं. शिकायला स्पाइक्सपेक्षा सोपं. पण वाकड्या माडावर आणि खोडाची जाडी बदलते तिथे वेढा परत जुळवून घ्यावा लागतो, आणि यंत्राबरोबर सेफ्टी बेल्ट येतो का ते विचारून घ्या, नसेल तर वेगळा घ्या.

जुना स्पाइक्सचा सेट कोणी देत असेल तर काटा किती उरलाय, दांडीला वेल्डिंग केलंय का आणि पट्ट्याच्या भोकांना चिरा आहेत का एवढं उजेडात बघा, वेल्डिंग दिसलं तर फुकट दिला तरी नको.