जळगावच्या विमानासाठी वीस इंची ट्रॉली घ्यावी का?

बॅगांच्या दुकानात वीस इंची कडक ट्रॉलीला सरसकट ‘केबिन साइज’ म्हणतात. मुंबईहून मोठ्या एअरबसने जायचं असेल तर ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण जळगावहून एटीआर ७२ ने उडणाऱ्याला आम्ही ही ट्रॉली सुचवणार नाही. पंख्यांच्या या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि कडक ट्रॉली दाबून बसत नाही. मग शिडीपाशीच तिला टॅग लागतो आणि ती विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात जाते.

खरी अडचण तिथे होते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात चालतच नाहीत, कारण तिथे धूर निघाला तर लगेच हात पोहोचत नाही. म्हणजे मागे रांग खोळंबलेली असताना ट्रॉली उघडून कपड्यांखालची पॉवर बँक काढायची. ट्रॉली आधीच घरात असेल तर पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं आणि दागिने एका छोट्या पिशवीत वर ठेवा, ती पिशवी पटकन काढून घेता येते. ट्रॉलीतच बॅटरी बसवलेली असेल तर ती निघते का, हे विकत घेण्याआधी बघा.

मापही फसवं असतं. बहुतेक विमान कंपन्या ५५ × ३५ × २५ सेंमी, म्हणजे बेरीज ११५, इतकी बॅग चालवतात. त्यात चाकं आणि मूठ धरतात. दुकानदार मात्र पुष्कळदा नुसत्या खोक्याची उंची सांगतो. टेप लावूनच घ्या. वजनाची मर्यादा साधारण ७ किलो, तरी तिकिटावरचा आकडा वाचा. कडक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते, चांगली सॅक किलोभर.

म्हणून आमचं मत सॅकला. ३० ते ३५ लिटरची, चेन पूर्ण उघडणारी आणि लॅपटॉपचा कप्पा पाठीकडून वेगळा उघडणारी घ्या. तपासणीत लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक ट्रेमध्ये सुटे ठेवावे लागतात. चार्जर आणि वायरींचा गुंता आतच राहिला तर एक्स-रेवर काही नीट दिसत नाही आणि बॅग बाजूला काढतात. पॉवर बँक १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-अवर, ती बसते. छापील आकडा पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवा, कारण वाचता न येणारी पॉवर बँक काढून घेतात.

आता खाऊ. खानदेशी माणूस रिकाम्या हाताने पाहुण्यांकडे जात नाही आणि तपासणीत सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. केळीचे वेफर्स, शेव, बिबडे खुशाल सॅकमध्ये टाका. काळा मसाला, तिखट, मिरचीचा ठेचा मात्र चेक-इनमध्येच, म्हणजे काउंटरवर द्यायच्या सामानात, कारण मिरची डोळ्यांत फेकता येते. तेल सुटणारं लोणचं आणि भरीतही तिकडेच, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि वरून दोन पिशव्यांत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठेच नेऊ नका. त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापू शकतं, म्हणून चेक-इनलाही मनाई आहे. पूजेच्या सामानातला कापूर, काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे बाद. आजीच्या चंचीतला अडकित्ता आठवणीने चेक-इनमध्ये घाला, हातातल्या बॅगेत राहिला तर तो हमखास सापडतो आणि जातो.

जळगावचं सोनं चेक-इनमध्ये कधीच नको. बिलासकट हातातल्या बॅगेत ठेवा आणि ट्रे सरकेपर्यंत नजर हलवू नका. उघडून दाखवायला सांगितलं तर आडोशाला तपासायची विनंती करता येते.

मुंबईहून पुढे परदेशी जायचं असेल तर तपासणी पुन्हा होते. तिथे द्रव आणि पेस्ट १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत, सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २०० ची अर्धी भरलेली बाटली चालत नाही, कारण ते बाटलीचं माप बघतात. दुबईला जाणाऱ्यांनी घरच्या मसाल्यात खसखस आहे का ते विचारूनच तो बांधावा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, मग ती चेक-इनमध्ये असो की हातात.