खाऱ्या द्रावणाच्या टाकीसाठी २२०५ ड्युप्लेक्स प्लेट : एक परीक्षण

क्लोराइडयुक्त कोमट द्रावणाच्या टाकीसाठी नेहमीचे ३१६एल स्टेनलेस स्टील वापरावे की २२०५ ड्युप्लेक्स (दुहेरी सूक्ष्मरचनेचे स्टेनलेस स्टील), हा निर्णय बहुतेक कारखान्यांत दरापाशी अडतो. आम्ही २२०५ घेतले आणि माझ्या मते तो खर्च सार्थकी लागला.

या पोलादात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ ते ६ टक्के निकेल, ३ टक्क्यांहून थोडे अधिक मॉलिब्डेनम आणि अल्प प्रमाणात नायट्रोजन असतो. त्याची सूक्ष्मरचना साधारण निम्मी फेराइटची व निम्मी ऑस्टेनाइटची असते; हे पोलादातील स्फटिकरचनेचे दोन प्रकार आहेत. फेराइट ताकद देते आणि क्लोराइडमुळे ताणाखाली तडे जाण्यास विरोध करते, तर ऑस्टेनाइट चिवटपणा टिकवते. ३१६एलची किमान यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) १७० मेगापास्कल, तर २२०५ची ४५० असल्याने अनेक ठिकाणी कमी जाडीची प्लेट पुरते. फेराइटमुळे या प्लेटला लोहचुंबक चिकटतो. तेवढ्यावरून माल हलका ठरवू नये.

खरेदी करताना मात्र नुसते ‘२२०५’ लिहून थांबू नये. जुन्या एस३१८०३ या श्रेणीत नायट्रोजन ०.०८ टक्क्यांपर्यंत कमी असला तरी चालतो, तर एस३२२०५ मध्ये तो ०.१४ ते ०.२० टक्के असावाच लागतो. वेल्डजवळच्या तापलेल्या पट्ट्यात ऑस्टेनाइट पुन्हा पुरेसे तयार होण्यासाठी हा नायट्रोजन फार मोलाचा असल्याने, मिलच्या (पोलाद बनवणाऱ्या कारखान्याच्या) टेस्ट सर्टिफिकेटवर मी सर्वांत आधी तोच आकडा पाहतो.

खरी कसोटी वेल्डिंगची आहे. धातू ७०० ते ९५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळला तर सिग्मा फेज नावाची ठिसूळ रचना तयार होते आणि फार झपाट्याने थंड झाला तर फेराइट वाढते. म्हणून जास्त निकेलची २२०९ फिलर वायर (जोडात वितळवून भरायची तार) वापरावी आणि पुढचा पास (वेल्डचा थर) देण्यापूर्वी जोडाचे तापमान १५० अंशांच्या खाली येऊ द्यावे. आम्ही आधी निवडलेल्या फॅब्रिकेटरने (टाकी बनवणाऱ्याने) तापमान उतरण्याची वाट न पाहता घाई केली, त्याचा नमुना इम्पॅक्ट चाचणीत (आघात सोसण्याच्या चाचणीत) नापास झाला आणि काम दुसरीकडे द्यावे लागले. वेल्डिंग प्रोसिजर तपासल्याशिवाय प्लेट कोणाच्याही हाती देऊ नये.

सुमारे ३०० अंशांवर सतत चालणाऱ्या उपकरणासाठी हे पोलाद घेऊ नये, कारण त्या तापमानापुढे फेराइट हळूहळू ठिसूळ होत जाते. गरम समुद्राच्या पाण्यासाठी २५०७ सुपर ड्युप्लेक्स या याच कुळातल्या अधिक गंजरोधक पोलादाचा विचार करावा.