आयसीयूतला कमी टी-३: हार्मोन द्यावं की थांबावं?

गंभीर आजारात टी-३ हे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन काही तासांतच घसरतं आणि रिव्हर्स टी-३, म्हणजे त्याचं निष्क्रिय रूप, वाढतं. आजार लांबला की टी-४ हे थायरॉइडचं दुसरं हार्मोनही उतरतं. टी-४ जितकं खाली, तितका मृत्यूचा धोका जास्त, हे वारंवार दिसलं आहे. मग गोळी देऊन आकडा वर आणावा, असं कुणालाही वाटेल.

पण आकडा सुधारला म्हणून रुग्ण वाचतो असं नाही. 1986 मध्ये आयसीयूतल्या रुग्णांना टी-४ देऊन पाहिलं; रक्तातली पातळी वाढली, जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. 2000 साली मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्यांवरच्या चाचणीत तर टी-४ घेतलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजनची गरज वाढण्याची भीती असतेच.

म्हणून मला थांबणंच योग्य वाटतं: मूळ आजारावर उपचार आणि बरं झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी फेरतपासणी. बरं होताना टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) तात्पुरतं वाढतं, मात्र ते 20 च्या वर गेलं तर खऱ्या हायपोथायरॉइडिझमचा (थायरॉइड कमी काम करण्याच्या आजाराचा) शोध घ्यायलाच हवा. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची गोळी आयसीयूच्या धावपळीत राहून जाते. नातेवाइकांनी ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.