एमडी मेडिसिन झाल्यावर: शिकवणारं रुग्णालय की स्वतःची प्रॅक्टिस?

पैशांचं आधी बोलून घेऊ. प्रॅक्टिस जमली की कमाई बहुधा जास्त, मेडिकल कॉलेजात पगार बेताचा पण ठरलेला. घरची जबाबदारी मोठी असेल तर हा मुद्दा लहान नाही.

खरा फरक मात्र सकाळच्या राउंडला कळतो. प्रॅक्टिसमध्ये पोट तुम्ही तपासता. इथे कॉलेजात विद्यार्थी तपासतो आणि तुम्ही शेजारी उभे असता. प्लीहा (डाव्या बरगड्यांआडचा अवयव, स्प्लीन) शोधायला तो हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवतो. "काही लागत नाही, सर." मग त्याचा हात धरून पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आणायचा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि दर श्वासाला थोडं थोडं वर, डाव्या बरगडीकडे सरकायचं. प्लीहा खूप वाढलेली असते, तेव्हा आधीचा हात तिच्यावरच टेकलेला असतो. कडा राहते खाली. ती कडा बोटांना लागली की पोराचा चेहरा बदलतो. विल्यम ऑस्लर या डॉक्टर-शिक्षकांनी १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विद्यार्थ्यांना खाटेजवळ आणलं ते याचसाठी. बाहेर ओपीडी तुंबलेली असताना ही पाच मिनिटं तुम्हाला जड वाटणार असतील, तर प्रॅक्टिसच निवडा.

प्रॅक्टिसची एक गोष्ट कॉलेजात सहसा मिळत नाही: तोच रुग्ण वीस वर्षं. त्याचा मधुमेह, मग मूत्रपिंड, मग त्याच्या मुलाचा रक्तदाब. आमच्याकडे रुग्ण बरा होऊन जातो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच युनिटला भरती होतो. मी शिकवण्याच्या बाजूचा, तरी ही उणीव मला अजून सलते.

संशोधनासाठी कॉलेजकडे वळत असाल तर जास्त सावध राहा. बॅरी मार्शल १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मेडिसिनचं प्रशिक्षण घेत असतानाच पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांच्याबरोबर जठरातल्या, अल्सरला कारण ठरणाऱ्या जिवाणूंच्या मागे लागले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अशा कामाला मोकळा वेळ लागतो. म्हणून रुजू होण्याआधी विचारा: आठवड्यातले किती दिवस संशोधनाला राखीव? उत्तर लेखी घ्या. नाहीतर राउंड, ओपीडी, परीक्षा यांतून उरलेल्या रात्रीच पेपर लिहावे लागतात आणि बढती त्या पेपरांवर अडते.

अजून ठरत नसेल तर आधी कॉलेजात जा. तिथून प्रॅक्टिसकडे केव्हाही वळता येतं; दहा वर्षांनी उलट यायचं म्हटलं तर शिकवण्याचा अनुभव आणि पेपर, दोन्हींची पाटी कोरी असते.