घरी शिकणाऱ्या मुलांचा भूगोल : इंदुरात बसून केलेली पुस्तकांची आणि नकाशांची पारख

मुलांना घरीच शिकवणाऱ्या इंदूरच्या मराठी कुटुंबांपुढे भूगोलाच्या बाबतीत एक जादा अडचण उभी राहते. मराठीतली चांगली पाठ्यपुस्तके महाराष्ट्रातल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत, मध्य प्रदेशाची माहिती देणारी पुस्तके हिंदीत आहेत, आणि गुळगुळीत कागदावरचे ज्ञानकोश परदेशातले वाचक समोर ठेवून इंग्रजीत तयार झालेले आहेत. खजुरी बाजारात एक चक्कर मारली तर हे सगळे मिळते, पण त्यातले काय घ्यावे हे तिथे कोणी सांगत नाही. माझे मत थोडक्यात असे की, पाठ्यपुस्तकांवर पैसे घालवू नयेत, ते नकाशासंग्रहावर आणि पृथ्वीगोलावर खर्च करावेत, आणि ज्ञानकोशाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पाठ्यपुस्तकांवर पैसे न घालवण्याचे कारण अगदी साधे आहे : बालभारती आणि एनसीईआरटी या दोघांचीही पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे वेगळे निघालेले आहे आणि त्यांत आपला जिल्हा असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ते खुशाल बाजूला ठेवावे. सहावीपासूनचे भूगोल मात्र आवर्जून वापरावे. सहावीत अक्षवृत्ते व रेखावृत्ते, सातवीत ऋतुनिर्मिती आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा), आठवीत स्थानिक वेळ आणि नकाशाप्रमाण, असा क्रम नीट विचार करून लावलेला आहे, आणि ‘करून पहा’सारख्या चौकटींमुळे व्याख्या पाठ करण्याआधी मुलाच्या हातून काहीतरी घडते. घरी शिकवणाऱ्या पालकाला नेमके हेच हवे असते, कारण चाळीस मुलांच्या वर्गात ज्या चौकटी घाईत ओलांडाव्या लागतात त्यांच्यावर आपण एक अख्खी दुपार घालवू शकतो.

आठवीचा स्थानिक वेळेचा पाठ याचे उत्तम उदाहरण आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे हा हिशेब आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२°३०′ पूर्व हे रेखावृत्त समजले, की मुलाला इंदूरचे रेखांश, म्हणजे सुमारे ७५°५०′, शोधायला सांगावे. आपले घड्याळ सूर्याच्या जवळजवळ २७ मिनिटे पुढे आहे हे त्याचे त्यालाच काढता येते. मग गच्चीवर एक सरळ काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहावे. ती बाराला पडत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास पडते. हा फरक का, असे मूल विचारणारच, आणि त्याचे उत्तर पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत आणि कललेल्या आसात आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे जून आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांच्या सुमारास माध्यान्ही काठीची सावली जवळपास नाहीशी होते (जुलैत ढगांचा भरवसा नसतो, तेव्हा जूनच धरावा). एवढे झाल्यावर उज्जैनला सवाई जयसिंगांच्या वेधशाळेत नेले, तर शंकुयंत्र आणि सम्राटयंत्र ही सावलीची यंत्रे मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एनसीईआरटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सहावीसाठी २०२४ मध्ये आलेल्या नव्या पुस्तकात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र आहेत. विषयांची सांगड त्यात चांगली घातलेली आहे, पण भूगोलाचा सलग अभ्यास हवा असेल तर ते अपुरे पडते. अकरावीचे भौतिक भूगोल पालकांनी स्वतःसाठी घ्यावे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीची परीक्षा द्यायची असेल तर तिथला भूगोल सामाजिक विज्ञानाच्या विषयात येतो आणि त्या परीक्षेला त्यांचेच साहित्य लागते. बालभारतीचे दहावीचे पुस्तक सबंध भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर बेतलेले असल्यामुळे वाचायला सुरेख असले तरी परीक्षेच्या उपयोगाचे नाही.

नकाशासंग्रह मात्र विकतच घ्यावा, आणि दुकानात उभे राहूनच तपासावा. शालेय नकाशासंग्रह ऑक्सफर्डचा घ्यावा की ओरिएंट ब्लॅकस्वानचा, यापेक्षा आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे याला अधिक महत्त्व आहे, कारण जुना माल सवलतीत खपवला जातो. भारताच्या राजकीय नकाशात लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून दिसतो का (२०१९), दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र दाखवले आहेत का (२०२०), हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. जगाच्या नकाशात प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, कोणते वापरले आहे याचा उल्लेख पानावर असावा. मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे आणि ग्रीनलँड आपल्या भारताहूनही लहान आहे. हे पटवण्यासाठी पृथ्वीगोल जवळच असावा लागतो.

पृथ्वीगोल घेताना तो निदान ३० सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा. त्याहून लहान गोलावर मध्य प्रदेश बोटाखाली झाकला जातो. डोंगर हाताला उंच लागतील असे उठावाचे गोल महाग असतात आणि मुलांना आवडतातही, पण माझी त्यांना शिफारस नाही. ३० सेंटिमीटरच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. त्या मानाने एव्हरेस्टची उंची एक पंचमांश मिलिमीटर भरते, म्हणजे खरा हिमालय त्या गोलावर नखाला जेमतेमच जाणवायला हवा.

सर्वांत मोलाची वस्तू मात्र खजुरी बाजारात मिळत नाही. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे नोंदणी करून त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. वास्तुविशारदांची ड्रॉइंगे जिथे मोठ्या कागदावर छापतात त्या दुकानात ते छापून घ्यावेत, आणि छापताना आकार कमी-जास्त होऊ देऊ नये, नाहीतर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर हा हिशेब बिघडतो. तसे झालेच तर कडेचे रेषाप्रमाण (किलोमीटर दाखवणारी आखलेली पट्टी) तेवढे बरोबर राहते, आणि का राहते हा मुलासाठी एक चांगला प्रश्न आहे. इंदूर शहर २२°४५′ अक्षवृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असल्यामुळे दोन नकाशे जोडावे लागतात. समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्या वाचत महूच्या दक्षिणेकडे गेले, की विंध्याच्या कडेवर जलविभाजक पेन्सिलीने आखता येतो. रेषेच्या उत्तरेला पडलेला पाऊस कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना असा गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेला पडलेला पातालपाणीच्या धबधब्यावरून चोरल नदीने नर्मदेत आणि पुढे अरबी समुद्रात. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसून हीच रेषा ओलांडून आणलेले नर्मदेचे पाणी आपल्या नळाला येते आणि वापरून झाले की कान्हेच्या वाटेने पूर्वेच्या समुद्राकडे निघते. हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही, नकाशावर मात्र ते अकरा-बारा वर्षांच्या मुलालाही शोधता येते. इस्रोचे ‘भुवन’ आणि गूगल अर्थ यांची जागा यानंतर येते. आधी पडद्यावर उपग्रहचित्र पाहिले की समोच्चरेषा वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

राहता राहिले ज्ञानकोश. ज्वालामुखी आणि सागरतळ यांची त्यांतली चित्रे अप्रतिम असतात, परंतु किंमत भारी, पावसाळ्याचे विवेचन त्रोटक, आणि परदेशी आवृत्तीत भारताच्या सीमा भारत सरकारच्या अधिकृत नकाशाशी जुळतीलच असे नाही. वाचनालयातून आणता आला तर तेवढ्यावर भागवावे. विकत घ्यायचाच असेल तर भारतात छापलेली आवृत्ती मागावी आणि काश्मीरचे पान उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.