दहा महिने जर्सीचा उजवा रेडिओ ऐकला: घरपट्टी कळली, निवडणूक काही कळली नाही

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको. मी रिपब्लिकन नाही, डेमोक्रॅटही नाही, 2019 ला सिटिझन झालो तेव्हापासून एकदा इकडे एकदा तिकडे असं मत टाकत आलोय. फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2025, आठवड्यातून चार दिवस, जाऊन-येऊन दीड तास, मी गाडीत न्यू जर्सीचा कॉन्झर्व्हेटिव्ह टॉक रेडिओ ऐकला. सकाळचा एक शो आणि दोन पॉडकास्ट. नावं मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत, आणि तिघांचा साचा इतका सारखा आहे की आवाज बदलला तरच कळतं आपण दुसरं काहीतरी लावलंय.

सुरुवात पेपर बंद झाला म्हणून झाली. स्टार-लेजरचा छापील अंक 2 फेब्रुवारी 2025 ला शेवटचा निघाला, त्याच सुमारास जर्सी सिटीचा जर्सी जर्नल तर पूर्णच बंद. न्यू जर्सीचं हे दुखणं बाहेरच्यांना कळत नाही. 21 काउंट्या, 564 गावं, प्रत्येकाची वेगळी कौन्सिल, आणि टीव्ही लावला तर एकतर न्यूयॉर्कचा महापौर नाहीतर फिलाडेल्फियाचा ट्रॅफिक. दोन मोठ्या घरांच्या मधल्या बोळात राहिल्यासारखं, आवाज दोन्हीकडचे येतात पण आपल्याच घरात काय चाललंय ते कळत नाही. ती जागा या रेडिओवाल्यांनी धरलीय. गव्हर्नर, विधानसभा, स्कूल बोर्ड, टाउनशिप, सगळं रोज, आणि तेही रागाने. तो राग पहिल्या आठवड्यात अंगावर येतो, महिन्याभरात सवय होते. सांगलीच्या आमच्या पेठेतल्या चहाच्या टपरीवर नगरपालिकेला शिव्या घालणारे काका असायचे ना, अगदी तसंच, फक्त यांच्याकडे ट्रान्समीटर आहे.

आता जे खरंच आवडलं ते. मार्चमध्ये होस्ट एकदा म्हणाला, आज घरी जा, टॅक्सचं बिल काढा आणि ओळी वाचा. मी तोपर्यंत आठ वर्षं हे बिल भरत होतो आणि एकदाही वाचलं नव्हतं, नुसती खालची रक्कम बघायची, हाय खायची आणि भरायची. त्या रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर पसरलं. काउंटी एक ओळ, स्कूल एक ओळ, म्युनिसिपल एक ओळ, खाली लायब्ररी आणि ओपन स्पेस चिल्लर. एकूण 11,400 च्या घरात आणि त्यातले सहा हजारांच्या वर एकट्या शाळेचे. बायको म्हणाली, मग इतकी वर्षं आपण महापौराला कशाला नावं ठेवत होतो? बरोबरच होतं तिचं. राज्यभर हीच तऱ्हा आहे, प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो, आणि 2024 ला सरासरी बिल 10,000 डॉलरच्या वर गेलं. बाबांना फोनवर आकडा सांगितला, ते म्हणाले एवढ्यात आपल्याकडची घरपट्टी नातवंडांपर्यंत भरून होईल.

तर हे शिकवलं रेडिओनेच, मान्य करायला हवं. राज्याचा इन्कम टॅक्स 1976 ला आला तोच प्रॉपर्टी टॅक्स हलका करायला म्हणून आला आणि तसं राज्यघटनेत लिहूनच ठेवलंय, हे मला इथे वीस वर्षं राहून माहीत नव्हतं. पण इथेच त्यांची अर्धी गोष्ट सांगायची खोडही कळली. पैसा गरीब शहरांच्या शाळांना जातो हे रोज सांगतील. पण या एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, जवळपास प्रत्येकाला आपला सुपरिंटेंडेंट, आपलं ऑफिस, आपले वकील, यावर मात्र गुळमुळीत. कारण गावाचा कारभार गावाकडे, होम रूल, हे त्यांचं दैवत. दोन गावं एक करा म्हटलं की कॉलर चिडतात. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप 2013 ला एक झाले, त्याचं उदाहरण दहा महिन्यांत मी एकदाच ऐकलं आणि तेही एका कॉलरच्या तोंडून, होस्टने लगेच ब्रेक घेतला. खर्च कमी हवा आणि सहाशे दुकानं पण चालू हवीत, हे कसं जमायचं ते कोणी सांगत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे हाउसिंगचा विषय. माउंट लॉरेल हा शब्द मी आधी फक्त हायवेच्या पाटीवर वाचला होता. त्या गावावरून 1975 ला कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासून प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा असा नियम आहे आणि 2025 ला पुढच्या फेरीचे प्लॅन 30 जूनपर्यंत द्यायचे होते. रेडिओवर हे म्हणजे ट्रेंटन, आपली राजधानी, तुमच्या गावावर बिल्डिंगी लादतंय असं. मी घाबरून मे महिन्यात आमच्या टाउनशिपच्या मीटिंगला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. लोखंडी घडीच्या खुर्च्या, जेमतेम तीसेक माणसं, त्यातले निम्मे कोणाच्या तरी कुंपणाच्या परवानगीसाठी आलेले. प्लॅनरने नकाशा लावला तर काय, जी घरं यायची होती ती एका बंद पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागेवर, जिथे तेव्हा फक्त गीझ पक्षी फिरत होते. मला एक-दोन प्रश्न विचारायचे होते ते विचारले, उत्तरं मिळाली. आता बघा, रेडिओने भीती दाखवली नसती तर मी गेलोच नसतो, आणि गेलो नसतो तर रेडिओने वाढवून सांगितलंय हेही कळलं नसतं. याला चांगलं म्हणायचं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मी एकदा कॉलही केला. जूनच्या सुरुवातीला, विजेच्या बिलावरून. 1 जूनपासून बिलं 17 ते 20 टक्के वाढली, सगळीकडे बोंब. होस्टचं म्हणणं एकच, गव्हर्नर मर्फीने पवनचक्क्यांच्या नादात वाट लावली. पवनचक्क्यांचा नाद होता हे खरंच, ऑर्स्टेड कंपनीने ऑक्टोबर 2023 ला ओशन विंडचे दोन्ही प्रकल्प गुंडाळले तेव्हा हसं झालं होतं. पण वाढीचं मोठं कारण पीजेएमच्या, म्हणजे अनेक राज्यांची वीज सांभाळणाऱ्या ग्रिडच्या, कपॅसिटी लिलावात होतं (लागेल तेव्हा वीज द्यायला तयार राहायचे पैसे त्यात ठरतात), जुलै 2024 च्या लिलावात मेगावॉट-दिवसाचा भाव 28.92 डॉलरवरून थेट 269.92 वर गेला. आता तो भाव का चढला यात बंद पडलेली वीजकेंद्रं येतात, डेटा सेंटर येतात, लिलावाचे नियम येतात. मला एवढंच विचारायचं होतं की या लिलावाबद्दल पण एकदा सांगा ना राव. फोन घेणाऱ्या मुलीने नाव, गाव, काय बोलणार हे विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली होल्ड करा. तेवीस मिनिटं होल्ड. गाडी पार्किंगमध्ये, एसी बंद, कानाला फोन, मीटिंग नऊला. माझ्या आधी तीन कॉल झाले, तिघेही पवनचक्क्यांवर चिडलेले, मग लाइन कट. परत लावला तर बिझी. नंतर लक्षात आलं की तोच टॉम्स रिव्हरकडचा एक माणूस आठवड्यात तीनदा लागतो. लाइन सगळ्यांना मोकळी असते असं ते म्हणतात, पण आत कोणाला घ्यायचं ते आधी ठरलेलं असतं. प्रश्न आणाल तर थांबा, राग आणलात तर या.

आणि मला वाटतं नोव्हेंबरच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत यांची फसगत इथूनच झाली. जो आवाज रोज ऐकू येतो तोच मतदार असं धरून चालले. खरं तर जूनमध्येच कळायला हवं होतं. 10 जूनच्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, बिल स्पेडिया उभा होता, एनजे 101.5 स्टेशनवर कित्येक वर्षं सकाळचा शो केलेला माणूस, राज्यात टॉक रेडिओचं त्याच्याएवढं मोठं नाव नाही. मे महिन्यात ट्रम्पने दुसरा उमेदवार जॅक चिटारेलीच्या पाठीवर हात ठेवला आणि चिटारेलीला 68 टक्क्यांच्या आसपास, स्पेडियाला साधारण 22. म्हणजे रेडिओचा सगळ्यात ओळखीचा आवाज आणि आपल्याच पक्षाच्या मतदारांत पाचातला एक. दुसऱ्या दिवशी वाटलं आता तरी कोणी म्हणेल की बाबांनो, ऐकणारे आणि मत देणारे वेगळे असतात. कोणी नाही म्हणालं.

उलट उन्हाळाभर एक हिशेब चालला. 2021 ला चिटारेली मर्फीकडून फक्त तीनेक टक्क्यांनी हरला होता. 2024 ला ट्रम्प या राज्यात सहा टक्क्यांच्या आत हरला, पसेइक काउंटी तर जिंकला. 1961 नंतर जर्सीने एकाच पक्षाला गव्हर्नरकीची लागोपाठ तिसरी टर्म दिलेली नव्हती. झालं, जमलंच. यातला प्रत्येक मुद्दा तेव्हा खरा होता, मी ऐकून ऐकून ऑफिसात पण हेच फेकायला लागलो होतो. पण दुसरी एक परंपरा होती ती कोणी काढत नव्हतं, 1989 पासून 2017 पर्यंत प्रत्येक वेळी व्हाइट हाउस ज्या पक्षाकडे त्याचा माणूस इथे गव्हर्नरकीला पडलाय, 2021 चा मर्फी हा एकच अपवाद. एड डरचं तर विचारू नका. फर्निचर कंपनीचा ट्रक चालवणारा रिपब्लिकन, 2021 ला राज्याच्या सिनेटचा डेमोक्रॅट प्रेसिडेंट स्टीव्ह स्वीनीला घरी बसवलं, भारी गोष्ट आहे, मलाही आवडते, आठवड्यातून एकदा तरी यायचीच. तोच डर 2023 ला हरला हे मी स्वतः शोधून वाचलं.

सप्टेंबर लागला आणि शो बदलला. हे माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. टॅक्स गेला, शाळा गेल्या, डेमोक्रॅट उमेदवार मिकी शेरिल 1994 ला नेव्हल अकॅडमीच्या पदवीदान समारंभात का चालली नाही यावर अडीच आठवडे. विषय काढू नये असं नाही, उमेदवार म्हटल्यावर विचारणारच, पण अडीच आठवडे? आणि तिची सर्व्हिस फाइल सोशल सिक्युरिटी नंबरसकट बाहेर कशी आली यावर अडीच मिनिटं. मग ऑक्टोबरमध्ये ट्रम्प म्हणाला की हडसन नदीखालच्या रेल्वे बोगद्याचा गेटवे प्रकल्प टर्मिनेटेड. माझी बायको मेट्रोपार्कवरून रोज न्यूयॉर्कला जाते, मे महिन्यात एनजे ट्रान्झिटच्या इंजिनिअर्सचा तीन दिवस संप झाला तेव्हा याच होस्टने ट्रेनवाल्यांच्या हालांवर सलग दोन तास केले होते, आणि छान केले होते. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर निघालो, आता काय बोलतात बघू. हवामान, ट्रॅफिक, गटर साफ करणाऱ्यांची जाहिरात, आणि मग न्यूयॉर्कचा ममदानी. शेजारच्या शहराच्या महापौरपदाचा उमेदवार! ज्या दुखण्यासाठी पेपर सोडून यांच्याकडे आलो तेच दुखणं परत.

एच-वन-बी व्हिसाचंही सांगतो. 19 सप्टेंबरला एक लाख डॉलर फीची घोषणा झाली त्या सोमवारी गाडीत बसताना पोटात गोळा होता. मला स्वतःला आता फरक पडत नाही पण भाचा आहे, टीममधली पोरं आहेत. होस्ट सांभाळून बोलला, कायदेशीर मार्गाने आलेल्यांशी आमचं भांडण नाही वगैरे. कॉलर नाही सांभाळत. एक जण म्हणाला एडिसनमध्ये (भारतीयांची मोठी वस्ती असलेलं गाव) आता आपल्यासारखं कोणी दिसतच नाही. होस्टने त्याला थांबवलं नाही, हसलाही नाही, थँक्स फॉर द कॉल म्हणून पुढे गेला. मी रेडिओ बंद केला आणि ऑफिसपर्यंत किशोरी आमोणकर. दोन दिवसांनी परत लावला, खोटं कशाला बोलू. त्याच ऑक्टोबरात आमच्या मंडळाच्या दिवाळीला दोन्ही पार्ट्यांचे स्थानिक उमेदवार कुर्ते घालून आले होते आणि चकलीला प्रेट्झेल म्हणत होते, त्यांच्याशी याबद्दल बोलावं असं फार वाटलं पण लोक फोटोत होते.

4 नोव्हेंबरला शेरिल चौदा टक्क्यांच्या आसपास फरकाने जिंकली. पसेइक पण परत डेमोक्रॅट्सकडे गेलं. पाच तारखेच्या सकाळी मी दहा मिनिटं आधीच निघालो. होस्टचा आवाज बसलेला होता, पहिल्या तासात त्याने हरण्याची कारणं सांगितली, मेल-इन बॅलट, पैसा आणि लोकांना खरं ऐकायचं नसतं. बारीकशी एक गोष्ट मात्र त्याने चांगली केली, एका बाईचा कॉल घेतला, स्वतः रिपब्लिकन, ती म्हणाली तुम्ही मला दोन महिने माझ्या टॅक्सबद्दल काहीच सांगितलं नाहीत. तो गप्प झाला. रेडिओवर तीन-चार सेकंद शांतता म्हणजे फार असते.

व्यवहाराचं थोडं. रेडिओ फुकट आहे पण तासात वीसेक मिनिटं जाहिराती, त्यात सोनं विकत घ्या इतक्यांदा की बायकोला वाटलं मी धनत्रयोदशीची तयारी करतोय. एका पॉडकास्टचं महिना पाच डॉलरचं विनाजाहिरात सबस्क्रिप्शन घेतलं तर त्यातही होस्ट स्वतःच्या तोंडाने गादीची जाहिरात करतो. बंद करायला गेलो तर बटण सापडेना, ईमेलला उत्तर नाही, शेवटी कार्डाच्या बाजूने थांबवलं. अ‍ॅप टर्नपाइक हायवेवर एका ठरावीक ठिकाणी दर वेळी अडकतं, एफएमवर ऐका.

रेटिंग द्यायचंच तर मार्च ते जून चार स्टार, सप्टेंबर-ऑक्टोबर एक. नवीन घर घेतलेल्यांनी निवडणूक नसलेल्या वर्षात सहा महिने जरूर ऐकावं, कागद-पेन घेऊन, आणि जो आकडा ऐकाल तो घरी येऊन तपासावा, बरेचदा आकडा बरोबर निघतो, त्याच्या शेजारचा दुसरा आकडा सांगितलेला नसतो. मी आता पॉडकास्ट दोन्ही सोडलेत, सकाळचा शो गुरुवारी फक्त, कारण त्या दिवशी ते गावागावांच्या मीटिंगांचा अजेंडा वाचतात. परवा आमच्या टाउनशिपचं नाव घेतलं, त्याच ऑफिस पार्कची सुनावणी आहे. नाव उच्चारायला चुकले, पण तारीख बरोबर होती.