छाया गोळी १४ महिने घेतल्यावर: लांबणाऱ्या पाळीबद्दल आधी कुणी सांगायला हवं होतं

माझं वय ३१, एक मुलगी, ती अडीच वर्षांची असताना मी छाया ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली. गाव सातारा जिल्ह्यात, उपकेंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. लग्नानंतर काही महिने माला-एन ही रोजची हार्मोनची गर्भनिरोधक गोळी घेतली होती, तेव्हा सकाळी उठल्या उठल्या मळमळायचं. तांबीची मला भीती वाटते. म्हणून आशाताईंनी छायाची पट्टी हातात ठेवली तेव्हा बरं वाटलं. फुकट, रोज घ्यायची नाही, आणि माला-एनसारखे हार्मोन त्यात नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची. माझा तो मंगळवार होता, म्हणून माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. कालनिर्णयवर प्रत्येक मंगळवार-शुक्रवारला टिंब काढून ठेवलं.

मळमळ नाही, डोकं दुखलं नाही, वजन वाढलं नाही. गोळी म्हणून माझी तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण तिसऱ्या महिन्यात मी जे दिवस काढले ते कुणावर येऊ नयेत.

माझी पाळी अगदी घड्याळासारखी, २८ दिवसांची. पहिला महिना २९ दिवस, दुसरा ३४. तिसऱ्याला ३२ वा दिवस उलटला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. त्याच महिन्यात नणंदेच्या घरचं लग्न होतं आणि शुक्रवारची गोळी मी शनिवारी रात्री घेतली होती. शिवाय नेमके तीन महिने भरून मी आठवड्याला एक गोळीवर आले होते. आता गोळ्या कमी, म्हणजे संरक्षणही कमी झालं की काय, हे मनातून जाईना. ह्यांची रात्रपाळी. मुलगी झोपली की मी दिवस मोजत बसायची. छाती जड वाटते का, फोडणीचा वास नकोसा होतो का, सारखं स्वतःलाच तपासत राहायची. पाळीआधीही छाती जड होतेच, हे माहीत असूनही.

दुकानातून किट आणलं. दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारलं, "प्रेग्नन्सीचं का?" तेव्हा मान खाली गेली, अजून आठवलं की राग येतो. एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. पण मी चाचणी दुपारी केली होती आणि फार लवकर केली होती, त्यामुळे त्या एका रेघेने समाधान झालं नाही.

४३ व्या दिवशी आशाताई घरी आल्या. दारातच रडू आलं. त्या म्हणाल्या, "अगं, छायावर पाळी लांबते काही जणींची. पहिल्या तीन महिन्यांत जास्त. तुला सांगितलं नव्हतं का मी?" नव्हतं सांगितलं. त्यांच्या यादीत कितीतरी घरं असतात, मी त्यांना दोष देत नाही. पण पट्टी देताना हे एक वाक्य आधी कानावर पडलं असतं, तर माझे ते दहा-बारा दिवस वाचले असते. त्यांनी निश्चय किट दिलं, गर्भचाचणीचं फुकट मिळणारं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी केली. एकच रेघ. तरी त्यांनी मला आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनी नीट समजावलं: पाळी १५ दिवसांहून जास्त लांबली तर गोळीमुळे असेल असं धरून बसायचं नाही, दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री करायची. ४७ व्या दिवशी पाळी आली. त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि चहा घेता घेता पुन्हा रडले.

माझी चूक कुठे होती ते नंतर कळलं. मी छायाची तुलना माला-एनशी करत होते. माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या गोळ्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की पाळी येतेच, जवळपास ठरल्या दिवशी. छायात तसा खंड नाही. गोळी चालूच राहते आणि पाळी आपल्या वेळेने येते, कधी उशिरा, कधी अगदी कमी. छायातलं औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं आणि १९९१ साली सहेली नावाने बाजारात आलं, हेही मी त्याच दिवसांत वाचलं. शरीरातून ते फार सावकाश जातं, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते. माझी अर्धी भीती तिथेच गेली.

आता माझं चक्र ३५ ते ३८ दिवसांचं आहे. पाच दिवस जायचं ते दोन-अडीच दिवसांवर आलं. कापड-पॅडचा खर्च कमी झाला. हिमोग्लोबिन ९.८ होतं ते ११ वर गेलं, पण मी लोहाच्या गोळ्याही घेत होते, त्यामुळे सगळं श्रेय छायाला देणार नाही.

दिवाळीत माहेरी गेले आणि पट्टी इकडेच राहिली. गोळी चार दिवस उशिरा घेतली. यावेळी नियम माहीत होता: आठवणीत आल्याबरोबर घ्यायची, पुढचे वार तेच ठेवायचे, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त चुकली असती तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने आठवड्याला दोन. त्या महिन्यात पाळी ४५ दिवसांवर गेली. मन म्हणत होतं, छायामुळेच असणार. पण गोळी चुकलेली होती, म्हणून मी मनाचं ऐकलं नाही, चाचणी केली. एक रेघ. आठवड्याने पुन्हा करायची ठरवली होती, त्याआधीच पाळी आली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आता माझ्या ओळखीतल्या दोघी "छायावर लांबतेच" म्हणून दीड-दीड महिना बिनधास्त राहतात. शंभर टक्के खात्री कुठलीच गोळी देत नाही. किट फुकट मिळतं, ते वापरा गं.

मध्ये दोन महिने पट्ट्याच आल्या नाहीत, तेव्हा तालुक्याहून सहेली आणली. औषध तेच, ३० मिलिग्रॅम. एक पट्टी नेहमी जास्तीची ठेवा.

आणि ही गोळी सगळ्यांसाठी नाही. माझ्या जावेला पीसीओडी (अंडाशयाचा त्रास) आहे, तिला सिस्टरनी सरळ नाही सांगितलं. अलीकडे कावीळ झालेल्यांना, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनाही देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. माझ्या बहिणीला बाळ चार महिन्यांचं असताना हीच दिली.

तिच्या पट्टीवर मी पेनाने लिहून दिलं: "पाळी लांबेल. १५ दिवस वर गेले की चाचणी. मला फोन कर, रात्री असला तरी." परवा रात्री साडेअकराला तिचा फोन आला. बत्तिसावा दिवस होता. आम्ही तासभर बोललो, मग ती झोपली.